तळ्याकाठचा बारा नंबर

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आजवर कुणाचाच बसलेला नाही. ज्यांनी ही हकीकत ऐकली त्यांतल्या निम्म्यांना हसू आवरेना, उरलेल्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि एक गृहस्थ तर तोंडाला साबण तसाच ठेवून सलूनमधून उठून गेले. पण लोक मानत नाहीत म्हणून घडलेलं घडायचं थोडंच राहतं?

तर सलून होतं चौकाच्या कोपऱ्यावर. दोन खुर्च्या, तीन आरसे, भिंतीला टेकून एक लांब बाक, आणि मागे पडदा लावलेली खोली. सगळं गाव मालकांना सलूनवाले काका म्हणायचं. हात असा हलका, की गालावर माशी बसलेली असताना तिच्या पायाखालचा केस काढला तरी माशीला पत्ता लागू नये. पडद्यामागे काकू असायच्या. टॉवेल धुवायचे, वाळवायचे, घडी घालून फळीवर रचायचे, हे त्यांचं काम. चौतीस वर्षं पुढे कात्री वाजत होती आणि मागे टॉवेल झटकले जात होते.

आणि चौतीस वर्षं कपाटावर एक तंबू होता.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात काकूंनी काकांना एक गोष्ट सांगितली होती. त्या नऊ वर्षांच्या असताना वडील त्यांना राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेले होते. तिथे तळ्याकाठी तंबू ठोकायच्या जागा आखून दिलेल्या असतात, प्रत्येक जागेला नंबराचा खांब. त्यांचा नंबर बारा. तीन दिवस राहिले. त्या जागेचं वैशिष्ट्य असं, की सकाळी सूर्य पाण्यातून वर येतो तो सरळ तंबूच्या दारात. अंथरुणातून उठावंही लागत नाही. काकांनी ऐकलं, वस्तऱ्याला धार लावता लावता म्हणाले, ‘त्यात काय, पुढच्या उन्हाळ्यात जाऊ,’ आणि दुसऱ्याच दिवशी हिरव्या जाड कापडाचा तंबू घेऊन आले.

पुढचा उन्हाळा आला आणि गेला. शनिवार-रविवार म्हटला की कुणाचं लग्न असायचं, कुणाची मुलाखत, कुणी इस्पितळातून घरी यायचं, आणि दाढी सगळ्यांनाच लागायची. काकू दर वर्षी तंबू खाली काढायच्या, घडी न मोडता गॅलरीत ऊन दाखवायच्या, कसर लागली नाही ना बघायच्या आणि पुन्हा वर ठेवायच्या. ‘राहू दे, पुढच्या वर्षी,’ असं काकांच्या आधी त्याच म्हणायच्या.

या वर्षी एका सोमवारी त्यांनी तंबू खाली काढला तो वर ठेवलाच नाही. दाराशी नेऊन ठेवला. काकांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, पडदे शिवणाऱ्या बाई पुढच्या सोमवारी येऊन घेऊन जाणार आहेत, कापड अजून चांगलं आहे, त्याच्या बाजाराच्या पिशव्या होतील. एवढं बोलून त्या टॉवेलांकडे वळल्या. चिडून म्हणाल्या असत्या तर काकांनी चार गोड शब्दांत निभावून नेलं असतं. पण बाईमाणूस हिशेब संपल्यासारखं शांतपणे बोललं, की शहाणा नवरा धास्तावतो. काका शहाणे होते. त्यांनी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा दोन बोटं वर कापला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी ते भाचीकडे गेले. भाची कचेरीत दिवसभर संगणकावर बसायची, त्यामुळे घराण्यात तिला सगळं येतं असा समज होता. तिने उद्यानाचं पान उघडलं. पडद्यावर तळ्याचा नकाशा आणि काठाने बारीक चौकोन, एकूण एक लाल. तिने समजावलं, की मामा, या जागा सहा महिने आधी सकाळी आठच्या ठोक्याला खुल्या होतात आणि आठ वाजून एक मिनिटाला संपलेल्या असतात. लोक चार-चार फोन घेऊन बसतात. काका म्हणाले, मला सहा महिन्यांनी नको, या शनिवारी हवी. भाची हसली. काका हसले नाहीत. तिला खुर्चीतून उठवून ते स्वतः बसले आणि एका बोटाने एकेक लाल चौकोन दाबत सुटले, जसा काही एखादा दाबून दाबून हिरवा होणार होता. तासाभराने भाचीला त्यांची दया आली आणि तिने पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेला मजकूर वाचून दाखवला. एक ते बत्तीस नंबरच्या जागा संगणकावर मिळत नाहीत. त्या स्वतः येणाऱ्यांना, दर शनिवारी सकाळी आठ वाजता, प्रवेशदाराच्या खिडकीवर, रांगेच्या क्रमाने.

‘रांगेच्या?’ काकांनी विचारलं.

‘रांगेच्या,’ भाची म्हणाली.

काका जे सैल झाले ते जेवूनच निघाले. संगणक त्यांना परका होता, पण रांग म्हणजे त्यांचा प्रांत.

शुक्रवारी सलूनच्या दारावर पाटी लागली: शनिवार ते सोमवार बंद, कारण विचारू नये. अर्थातच चौकात दुसरा विषय राहिला नाही. काही जणांनी त्याच दिवशी पुढच्या आठवड्याची दाढी आगाऊ करून घ्यायचा प्रयत्न केला.

शनिवारी दिवस उजाडायच्या बेतात काका-काकू उद्यानाच्या दाराशी पोचले. मागच्या सीटवर तंबू, आणि काकांच्या पायाशी त्यांची पत्र्याची पेटी, कारण पेटीशिवाय हा माणूस स्वतःच्या लग्नालाही गेला नव्हता. खिडकी बंद होती. समोर चारच माणसं. काका पाचवे. त्यांनी समाधानाने आजूबाजूला पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, पाचव्या जागी जमिनीवर नीट ठेवली आणि काकूंबरोबर कॉफी प्यायला गाडीकडे निघून गेले.

आता इथे थांबून काकांच्या सलूनची रीत सांगायला हवी. तिथे नंबर माणसाचा नसायचा, टोपीचा असायचा. यायचं, बाकावर टोपी ठेवायची आणि खुशाल बाजार करून यायचं. टोपी सरकत सरकत पुढे यायची आणि मालक येईपर्यंत खुर्चीत बसायची. एका बोटीवरच्या खलाशाची टोपी सात महिने बाकाच्या पहिल्या जागेवर होती. काका रोज तिला विचारायचे, आली का पाळी, आणि मग दुसऱ्याला घ्यायचे. खलाशी परत आला तेव्हा सरळ खुर्चीत जाऊन बसला आणि कुणी चकार शब्द काढला नाही. टोपीला धक्का लावणारा माणूस चौतीस वर्षांत काकांनी पाहिला नव्हता, त्यामुळे जगात असा माणूस असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

कॉफी निवांत झाली. साडेसहाला काका परत आले तेव्हा त्यांची टोपी कुणीतरी सभ्यपणे कुंपणाच्या खांबावर टांगून ठेवली होती आणि खिडकीसमोर छत्तीस माणसं उभी होती. काकांनी छत्तीस वेळा मोजलं. शेवटच्या, लाल जाकीट घातलेल्या तरण्या माणसाला त्यांनी सांगितलं, की पाचव्या नंबरवर माझी टोपी होती. तो म्हणाला, ‘टोपीला तंबू लागत नाही, आजोबा.’ खिडकीची फळी किलकिली करून आतल्या बाईंनीही तेच सांगितलं, जरा सरकारी भाषेत. रांगेत माणूस लागतो.

बत्तीस जागा, छत्तीस माणसं, आणि काका सदतिसावे. बारा नंबर सोडा, त्यांना झाडाखाली बसायलाही नंबर नव्हता.

काकूंनी गाडीच्या काचेतून सगळं पाहिलं होतं. काका जवळ आले तसं त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, ‘राहू दे. चला घरी.’

‘राहू दे’ हे दोन शब्द काकांनी चौतीस उन्हाळे ऐकले होते आणि प्रत्येक वेळी त्यांना बरं वाटलं होतं. आज पहिल्यांदा ते कानाला लागले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मागच्या सीटवरच्या तंबूकडे पाहिलं, आणि मग वळून त्या रांगेकडे पाहिलं. आणि या वेळी त्यांनी रांग मोजली नाही. कारागिराच्या नजरेने पाहिली.

दाढ्या. जिकडे तिकडे दाढ्या. ही माणसं महिना-महिना रानात फिरून, एका तळावरून दुसऱ्या तळावर आलेली. कुणाच्या हनुवटीला झुडूप, कुणाच्या गळ्यापर्यंत जंगल, मानेवर गवत माजलेलं. असा माल काकांनी आयुष्यात एका जागी पाहिला नव्हता.

‘पेटी दे,’ ते म्हणाले.

काकू गाडीतून उतरल्या. पेटी दिली, पिशवीतून तीन टॉवेल काढले आणि नळाशी जाऊन साबणाचा मग पाण्याने भरून आणला.

काकांनी लाल जाकीटवाल्याच्या पुढच्या माणसापासून सुरुवात केली. अट साधी. दाढी फुकट, हजामत फुकट, बदल्यात एक पाऊल मागे आणि काका एक पाऊल पुढे. (लाल जाकीटवाल्याला दाढीच नव्हती. पण त्याच्या मानेवरचे केस बघून काकांनी असा सुस्कारा टाकला, की तो आपण होऊनच बाजूला झाला.) पहिली दाढी चार मिनिटांत उतरली. आतून निघालेला चेहरा इतका देखणा होता, की त्याच्या बायकोने त्याला ओळख विचारली. मग काय, बातमी रांगेतून वर सरकली आणि लोक आपण होऊन गाल पुढे करू लागले.

एका दाढीतून मासे पकडायचा गळ निघाला. एकीतून चमचा. एका गृहस्थांना गेल्या वर्षी हरवलेला दुसरा चष्मा सापडला, आणि तो लावल्यावर कळलं की ते चुकीच्या उद्यानात आले आहेत, तेव्हा तेही गेले. एका दाढीत चिमणीचं घरटं होतं. काकांनी ते अलगद उचलून फांदीच्या बेचक्यात ठेवलं. तीन अंडी होती, एकालाही धक्का नाही.

पण वेळ कमी पडायला लागला. सात वाजून गेले आणि पुढे अजून एकवीस गाल-जोड्या. तेव्हा काकांनी धंद्यातली जुनी युक्ती काढली. गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला आधी साबण लावून ठेवायचा. साबण लागलेला माणूस कुठेही जात नाही. काकूंनी ब्रश घेतला आणि ओळीने साबण लावत गेल्या, मागून काका वस्तरा चालवत. थोड्याच वेळात लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, की त्या दाराशी बर्फ पडलाय आणि तो फक्त माणसांच्या तोंडावर पडलाय.

साडेसातच्या सुमारास रानातून अस्वल आलं.

आधी ते कचऱ्याच्या डब्यापाशी गेलं, मग रांगेत येऊन चौथ्या जागी उभं राहिलं. मधे घुसू नका, असं त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही. खिडकीतल्या बाईंनी फळी खाली ओढून घेतली. पण काकांचं डोकं तेव्हा एकाच ठिकाणी होतं. अस्वल काय आणि अबकारी साहेब काय, रांगेत उभं राहिलं की गिऱ्हाईक. त्यांनी ब्रश मगात बुडवला आणि अस्वलाला साबण लावला. डोळ्यांवर आलेली झुलपं कापली, कानांच्या मागून साफ केलं, मानेवर पावडर मारली आणि सवयीने मागून आरसा धरला. अस्वलाने आरशात बराच वेळ पाहिलं. आपण एवढे तरुण आहोत हे त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. मग ते लाजून रानात निघून गेलं आणि त्याचा चौथा नंबर काकांना मिळाला.

आठला दहा कमी असताना काकांपुढे एकच माणूस उरला. घडीच्या खुर्चीत ताठ बसलेले, निवृत्त हेडमास्तर, पांढऱ्या मिशा, गुडघ्यावर तळ्याचा नकाशा आणि त्यावर एका खांबाभोवती पेन्सिलने गोल. काकांनी वाकून पाहिलं. बारा.

हेडमास्तर म्हणाले, मी माझी दाढी स्वतः करतो, गेली पन्नास वर्षं. काका म्हणाले, दिसतंय ते. आणि त्यांनी नुसता आरसा पुढे केला. डाव्या जबड्याखाली दोन बोटं केस राहिलेले, उजवीकडे काप, आणि कल्ले असे, की एक पूर्वेला निघालाय आणि दुसरा पश्चिमेला. हेडमास्तरांनी आयुष्यभर पोरांच्या वह्यांत चुका काढल्या होत्या. स्वतःच्या तोंडावर एवढ्या पाहून त्यांनी नकाशाची घडी घातली.

काकांनी साबण लावला. घड्याळाचा काटा सरकत होता. डावा गाल झाला. हनुवटी झाली. मागे चौतीस गुळगुळीत माणसं श्वास रोखून उभी होती. उजवा गाल, कापावरून हळूच, मग कल्ले, पातळीत, आणि शेवटचा हात मारून वस्तरा मिटल्याचा खट् असा आवाज झाला, त्याच क्षणी खिडकीची फळी वर गेली. हेडमास्तरांनी आरशात पाहिलं, खुर्चीतून उठले, आणि खिडकीकडे हात करून म्हणाले, ‘आधी तुम्ही.’

काका खिडकीपाशी गेले. वस्तरा खिशात घातला आणि चौतीस वर्षांचा तो शब्द मोठ्याने म्हणाले, ‘बारा.’

बाईंनी पावती फाडली.

तंबू उघडला तेव्हा घड्या इतक्या जुन्या झाल्या होत्या, की तो आपल्या आपणच चौकोनी उभा राहिला, खुंट्यांची गरज पडली नाही. आणि रविवारी सकाळी सूर्य पाण्यातून वर आला तो सरळ दारात. काकू अजून उशाशी चष्मा शोधत होत्या, तर तो त्यांचा चष्मा सापडेपर्यंत तसाच अर्धा पाण्यात थांबून राहिला. मग वर आला.

हे सगळं मंगळवारी सकाळी काकांनी सलूनमध्ये असंच्या असं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. बाक भरला होता, तीन टोप्या नंबर लावून बसल्या होत्या, आणि खुर्चीतल्या माणसाच्या गालावरचा साबण ऐकता ऐकता वाळून गेला होता. घरट्यापाशी पोस्टमन गालात हसला. अस्वलापाशी दूधवाल्याने पेपर तोंडासमोर धरला. पण सूर्य थांबला तेव्हा कुणीच हसलं नाही, कारण काकांचा आवाज जरा हलला होता.

तेवढ्यात पडदा सरकला आणि काकू टॉवेलांचा ढीग घेऊन बाहेर आल्या. ढीग फळीवर ठेवला, वरचा टॉवेल सरळ केला.

‘अस्वलाचं मी काही बोलत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण अहो, बारा नंबर कधी मिळाला आपल्याला? फळी वर गेली तेव्हा हेडमास्तरांचा उजवा गाल बाकी होता. बाईंनी दोनदा हाक मारली. मी म्हटलं, जा ना, तर म्हणालात, एक गाल करून माणसाला कसं उठवू. बारा नंबर मधे घुसून त्या लाल जाकीटवाल्याने नेला. तुम्ही हेडमास्तरांचे कल्ले पातळीत आणेपर्यंत तीस जण पावत्या घेऊन गेले. आपला एकतीस, पाण्याच्या टाकीमागे. बत्तीसला हेडमास्तर. तिथून सूर्य कसला दिसतोय, दुपारी बारापर्यंत सावली होती.’ बाकावरच्या लोकांकडे एकदा बघून त्यांनी काकांच्या हातातला ब्रश घेतला आणि मगात बुडवला. ‘येत्या शनिवारी परत जायचंय. पेटी इथेच ठेवायची.’